जेट स्की: वेगासाठी कुठली घ्यावी आणि घेतल्यावर तिच्यात काय बदलावं?

फेसाळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तीन हंगाम मित्राच्या जेट स्कीवर काढले. आता स्वतःची घ्यायची ठरवली आहे, आणि मला ती फक्त पळवायला हवी आहे. मागे दोरी बांधून कुणाला ओढायचं नाही, गळ टाकून बसायचं नाही, तिघांना घेऊन फेरफटका मारायचा नाही. सकाळी पाणी आरशासारखं असतं तेव्हा तासभर एकट्यानं जायचं आणि जमेल तसा तिचा वेग वाढवत न्यायचा.

माझं पाणी म्हणजे एक मोठा जलाशय. सकाळी सपाट, उन्हं वर आली की वाऱ्यानं फूट-दीड फुटाच्या तुटक लाटा. वर्षातून चार-पाच वेळा समुद्रात जाणं होईल. वजन ८२ किलो. पाठ अधूनमधून त्रास देते.

डोक्यात चार मशीन आहेत. वापरलेली सी-डू आरएक्सपी-एक्स ३००, वापरलेली यामाहा जीपी१८००आर एसव्हीएचओ (म्हणजे सुपरचार्जरवाली), कावासाकी अल्ट्रा ३१०, किंवा मग सरळ सी-डूचीच छोटी नवी स्पार्क घेऊन उरलेलं सगळं बळ तिच्या सुधारणांवर लावायचं. कुठली घेऊ? आणि घेतल्यावर पहिला हात कशाला लावू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारा_वारा

फेसाळ, प्रश्नात आधी पाण्याचं वर्णन दिलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण अश्वशक्तीपासून सुरुवात करतात आणि तळाचा विचार मशीन दारात आल्यावर होतो.

पहिली गोष्ट: ३०० अश्वशक्तीच्या वर्गातली ही पहिली तिन्ही मशीन कारखान्यातून जवळजवळ सारख्याच वेगाला येऊन थांबतात. अमेरिकेत उत्पादक आणि तिथलं तटरक्षक दल यांच्यात वेगाबद्दल एक समजूत झाली होती. आधी ताशी ६५ मैल, पुढे ६७ मैल, म्हणजे साधारण १०८ किलोमीटर. त्यापुढे संगणकच इंजिनाला आवरतो. त्यामुळे कागदावरचा कमाल वेग पाहून यांच्यातली एक निवडता येत नाही. फरक आहे तो १०८ ला पोचेपर्यंत काय होतं आणि १०८ वर असताना अंगाला काय जाणवतं, यात.

अल्ट्रा माझ्याकडे सहा वर्षं आहे. तिचा तळ खोल व्ही आकाराचा, साडेबावीस अंशांचा. समुद्रातल्या उसळत्या लाटेला ती कापते, आपटत नाही. टाकी ७८ लिटरची. पण तेल-पाणी भरलेलं वजन पावणेपाचशे किलोच्या घरात जातं, आणि सपाट पाण्यावर तो खोल तळ जास्त पाणी धरून ठेवतो. तुमच्या जलाशयावर हा गुण वाया जाईल.

आरएक्सपी-एक्स ही वळणांची राणी. बसण्याची जागा अरुंद, गुडघे आत दाबून धरायचे, धार पकडून वळायचं. तिच्यावर तासभर जोर लावून चालवलं की मांड्या बोलतात. जीपी तळानं थोडी हलकी-उथळ वागते, सपाट पाण्यावर मोकळी सुटते, पण तुटक लाटांत उड्या मारते. तुमच्या पाठीसाठी हे लक्षात ठेवा. सकाळी लवकर जाऊन वारा सुटायच्या आत परतणार असाल तर जीपी. समुद्र वाढणार असेल तर अल्ट्राचा पुन्हा विचार करा.

आठहजार_आरपीएम

खारा_वारा यांच्याशी सहमत. मी इंजिनाच्या बाजूनं लिहितो, आणि आधी एक गणित मांडतो, कारण ते माहीत नसल्यामुळे पुढचे निर्णय चुकतात.

पाण्याचा रोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो. रोधाविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार. म्हणजे ३०० ची अश्वशक्ती ४०० केली, तर शक्ती एक-तृतीयांशानं वाढली, वेग मात्र दहा टक्क्यांनीच. १०८ चे ११९. आणि १०८ चे १३० करायचे तर ३०० चे ५२० च्या आसपास न्यावे लागतील. प्रत्यक्षात मशीन वेगात पाण्यावर उचलली जाते, ओला तळ कमी होतो, म्हणून हिशेब याहून थोडा सुसह्य निघतो. पण दिशा हीच. शेवटचा प्रत्येक किलोमीटर आधीच्यापेक्षा महाग पडतो.

याच गणिताची दुसरी बाजू: रोध कमी केला किंवा वाया जाणारी शक्ती वाचवली, तर इंजिनाला हात न लावता वेग मिळतो. तिथून सुरुवात करावी.

आता इंजिनं. सी-डूमध्ये १६३० सीसी, तीन सिलिंडर. यामाहात १८१२ सीसी, चार सिलिंडर. दोन्हींत सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र), म्हणजे पंख्यासारखा, जसा आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढतो तसा दाब झपाट्यानं वाढतो. वरच्या टोकाला ओढ जबरदस्त. कावासाकीच्या १४९८ सीसीला रूट्स जातीचा सुपरचार्जर आहे. तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो, त्यामुळे खालपासूनच जोर मिळतो. सुधारणांच्या दृष्टीनं यामाहाचं मोठं चार सिलिंडरचं इंजिन मला सर्वांत समाधानी वाटतं. घनफळ जास्त असल्यामुळे तेवढीच शक्ती कमी ताणात मिळते.

स्पार्कबद्दल: ९०० सीसी, ९० अश्वशक्ती, कोरडं वजन १९० किलोच्या आतबाहेर. मूळ वेग ८० च्या आसपास. हलकी असल्यामुळे छोट्या सुधारणाही लगेच जाणवतात, शिकायला यासारखं मशीन नाही. पण शंभरी ओलांडायची आहे हे नक्की असेल, तर स्पार्कवर ओतलेली मेहनत जिथं संपते तिथून ३०० चा वर्ग सुरू होतो.

नवखा_स्वार

एक शंका. वेग जर संगणकच अडवतोय, तर ट्यून करून, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम बदलून, तो अडसर काढला की झालं ना? पहिल्याच दिवशी १०८ च्या वर?

तळठोक

@नवखा_स्वार, अडसर काढता येतो. पण काढल्यावर इंजिनानं दिलेली जादा शक्ती पाण्याला लागते का, हा खरा प्रश्न आहे. आणि तो पंपाचा प्रश्न आहे. मी वीस वर्षं हे पंप उघडतो आणि जोडतो आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

जेट स्कीला पाण्यात फिरणारा उघडा पंखा नसतो. तळातल्या जाळीतून पाणी आत येतं, नळकांड्यात इम्पेलर (पात्यांचं चाक) फिरतो, मागे स्थिर पाती असतात (स्टेटर), ती पाण्याचा पीळ मोडून सरळ करतात, आणि मग निमुळत्या तोटीतून पाणी बाहेर फेकलं जातं. ढकल किती मिळते? दर सेकंदाला फेकलेलं पाणी गुणिले (त्याचा वेग वजा मशीनचा वेग). हा ‘वजा’ महत्त्वाचा. मशीन जसजशी पळते तसतसा फेकलेल्या पाण्याचा वेग आणि तिचा वेग जवळ येतात आणि ढकल घटत जाते. म्हणून वरच्या वेगाला पंपातली बारीकशी गळतीही मोठी ठरते.

ही गळती कुठून होते? इम्पेलरच्या पात्याचं टोक आणि भोवतीची वेअर रिंग (पात्यांभोवतीचं बदलता येणारं कडं) यांतल्या फटीतून. ही फट मिलिमीटरच्या अंशात मोजायची असते. वाळूतून किंवा उथळ पाण्यातून मशीन चालू केली की वाळू आत ओढली जाते आणि रिंगला चरे पडतात. एकदा चरे पडले की दाबाखालचं पाणी पात्याच्या टोकावरून उलटं सरकतं.

दुसरी गोष्ट पात्याच्या पुढच्या कडेची. एक खडा आत आला आणि कडेला खाच पडली, की त्या खाचेमागे दाब एवढा उतरतो की पाणी थंडच असताना उकळतं. बुडबुडे होतात आणि जरा पुढे दाब वाढला की फुटतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. धातू खडबडीत होतो, वाळवी लागल्यासारखा दिसतो. इंजिन मोकळं फिरतं, आरपीएम वर जातो आणि मशीन जागची हलत नाही.

तिसरी, हवा. पंप आणि तळ यांच्या जोडातलं सिलिकॉन सुटलं असेल तर बाजूनं हवा आत खेचली जाते. लक्षण कॅव्हिटेशनसारखंच, उपाय मात्र वेगळा: जोड साफ करून पुन्हा नीट बंद करायचा. इम्पेलर बदलण्याआधी हे पाहा. मी असे इम्पेलर पाहिले आहेत जे दोन वेळा बदलले गेले आणि दोष जोडातच होता.

फेसाळ, वापरलेली घेणार आहात म्हणून सांगतो. बघायला जाताना विजेरी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन जा. मशीन बंद, किल-स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली, मगच मागून किंवा जाळीतून पाहा. प्रत्येक पात्यावर आणि रिंगभोवती तीन-चार ठिकाणी फट मोजा. ती मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे का आणि सगळीकडे सारखी आहे का, दोन्ही पाहा. एका बाजूला जास्त असेल तर शाफ्ट किंवा बेअरिंगकडे लक्ष द्या. ऑइल दुधाळ असेल तर इंजिनात पाणी गेलेलं आहे, तिथूनच परत फिरा. सिलिंडरचा दाब स्वतःसमोर मोजून घ्या. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला सारखेपणा जास्त सांगतो. संगणकातले तास काढून घ्या, त्यात किती तास कुठल्या आरपीएमला गेले तेही बऱ्याच मशीनमध्ये दिसतं.

जुनी सुपरचार्ज सी-डू बघणार असाल तर एक जादा प्रश्न विचाराच. सुरुवातीच्या वर्षांत सुपरचार्जरच्या क्लचमध्ये सिरॅमिकचे वॉशर असत. ते फुटले की तुकडे ऑइलमध्ये उतरतात. पुढे धातूचे आले. कधी आणि काय बदललं, याचा कागद मागा.

शांतपाणी

तळठोकदादांचा प्रतिसाद जपून ठेवला. एक भर: विकणाऱ्याला सांगा की इंजिन आधी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते पाहायला मिळालं पाहिजे. आणि किनाऱ्यावर घेऊन बघू नका, पाण्यात चालवून बघा. जागेवरून सोडताना आरपीएम उसळला आणि ढकल मागाहून आली, तर पंपाचं काम आहे.

फेसाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. जीपी१८००आर घेतली. ११८ तास झालेली. सिलिंडरचे दाब चारही सारखे, ऑइल स्वच्छ, पण आधीच्या मालकाचा किनारा वाळूचा होता आणि वेअर रिंगला चरे स्पष्ट दिसत होते. ते दाखवूनच व्यवहार ठरला.

पंपाला हात लावण्याआधी मोजमाप केलं. मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबलो नाही, स्वतंत्र जीपीएस लावलं. अर्धी टाकी, मी एकटा, वारा नगण्य. वाऱ्याकडे तोंड करून ९९, पाठ करून १०२. सरासरी १००.५. सुटताना आरपीएम क्षणात वर जातो आणि मशीन नंतर निघते, अगदी शांतपाणी यांनी लिहिलंय तसं.

आता क्रम सांगा.

तळठोक

मोजमाप दोन्ही दिशांनी केलंत, छान. हवेचं तापमानही लिहून ठेवत जा. गरम, विरळ हवेत इंजिन कमी ओढतं, आणि नाहीतर थंड सकाळचा वेग तुम्ही नव्या सुट्या भागाच्या खात्यावर जमा कराल.

क्रम साधा आहे. वेअर रिंग नवी. इम्पेलर काढून कडा दुरुस्त करून घ्या, तोल तपासून घ्या. पंपाचा जोड साफ करून नवं सिलिकॉन. बाकी काहीही बदलू नका. मग पुन्हा मोजा.

फेसाळ

झालं. रिंग, कडा, जोड. तेच पाणी, तेवढीच टाकी: १०७ आणि १०८. म्हणजे इंजिनाला न शिवता सात किलोमीटर परत आले. सुटताना आता हँडल हातातून निसटेल असं वाटतं.

आठहजार_आरपीएम

हे सात किलोमीटर इंजिनातून काढायला गेला असता तर वर दिलेल्या गणितानं पाचव्या हिश्शाहून जास्त शक्ती लागली असती. या धाग्यातला हा आकडा मला सर्वांत आवडला.

आता पुढचं. जे बदलायचं ते संच म्हणून बदलायचं. ट्यून, इम्पेलर आणि तोटी या तिघांचं एकमेकांशी लग्न लागलेलं असतं.

इम्पेलरवर दोन आकडे दिसतील, समजा १३/१८. पहिला पुढच्या कडेचा कोन, दुसरा मागच्या कडेचा. कोन वाढवला की प्रत्येक फेऱ्याला जास्त पाणी पकडलं जातं, इंजिनावर भार येतो, आरपीएम उतरतो. कोन कमी केला की आरपीएम चढतो. संगणकाचा अडसर काढून इंजिन मोकळं केलंत आणि इम्पेलर मूळचाच ठेवलात, तर इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळेल आणि तिथं शक्ती कमीच मिळेल. उलट, ट्यून न करता जास्त कोनाचा इम्पेलर लावलात तर इंजिन शक्तीच्या शिखरापर्यंत चढणारच नाही. ध्येय एकच: पूर्ण थ्रॉटलला, सपाट पाण्यात, तुमच्या वजनासह आरपीएम बरोबर त्या ट्यूनच्या शिखरावर बसला पाहिजे.

तोटीचंही तसंच. व्यास ८६ मिलिमीटरवरून ८५ केला, तर ऐकायला एक मिलिमीटर, पण क्षेत्रफळ २.३ टक्क्यांनी घटतं. पाणी जास्त वेगानं सुटतं, कमाल वेग वाढायला मदत होते, पण सुटतानाची ओढ थोडी कमी होते आणि आरपीएमही हलतो. म्हणून इम्पेलर बसल्यावर शेवटी तोटी.

ट्यून घेताना पेट्रोलचा आकडा बारकाईनं वाचा. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत: आकडा आरओएनमध्ये दिलाय की एकेआयमध्ये? एकेआयमधलं ९१ म्हणजे आरओएनमधलं साधारण ९५. या गोंधळात कमी ऑक्टेनचं पेट्रोल सुपरचार्ज इंजिनात गेलं की ते अवेळी पेटून ठोके बसतात, आणि पाण्यावर, वाऱ्यात, हेल्मेटमध्ये ते ऐकू येत नाहीत. पिस्टनच सांगतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) ठेवून दोन किलोमीटर जास्त देणारा ट्यून नको. थोडं दाट, थोडं सुरक्षित ठेवणारा घ्या.

सुपरचार्जरचं मोठं चाक आत्ता नको. त्याच्यामागोमाग इंजेक्टर, इंटरकूलर (आत जाणारी हवा थंड करणारा), पेट्रोलचा पंप अशी रांग लागते. आणि सलग तीन-चार पूर्ण वेगाच्या फेऱ्या मारल्या की आत येणारी हवा तापते, संगणक स्वतःच ठिणगी मागे घेतो. इंटरकूलर सुधारल्याशिवाय मोठं चाक पहिल्या फेरीपुरतंच दिसतं.

खारा_वारा

जाळी आणि राइड प्लेट राहिली. पाण्याखाली जास्त पाणी उचलणारी जाळी मिळते. तिच्यामुळे लाटांत पंपाला पाणी मिळत राहतं, उडी मारून खाली आल्यावर पकड लगेच येते. सपाट पाण्यात मात्र तिचा अडथळाच होतो. तुमच्या सकाळच्या पाण्याला मूळची पुरेशी आहे. समुद्रात जाल त्या दिवसांसाठी वाटलं तर घ्या.

राइड प्लेट म्हणजे मागचा सपाट पत्रा, ज्यावर मशीन वेगात टेकलेली असते. तिच्या लांबी-कोनानं नाक किती उचललं जाईल ते ठरतं. नाक फार उचललं की मशीन डुलायला लागते, वर-खाली, वर-खाली, आणि स्वार घाबरून थ्रॉटल सोडतो. फार दाबलं तर तळ ओला राहतो, वेग मरतो. आधी ट्रिम (तोटी वर-खाली झुकवायची सोय) फिरवून पाहा: सपाटावर नाक थोडं वर, लाटांत खाली. ट्रिमनं भागत नसेल तरच प्लेट.

सी-डूवाल्यांसाठी सूचना, कारण हा धागा तेही वाचतील: तुमच्याकडे इंजिनाचं बंद शीतकरण आहे आणि राइड प्लेट हीच त्या शीतक द्रवाची उष्णता पाण्यात सोडते. ती यामाहासारखी चार बोल्ट काढून बदलण्याची वस्तू समजू नका.

उभा_स्वार

अवांतर वाटेल, पण लिहितो. मी उभ्यानं चालवायच्या मशीनवर वाढलो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कावासाकीनं जेट स्की आणली ती उभ्याचीच होती, क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेतून. तिच्यावर ताशी सत्तर म्हणजे बसून केलेल्या शंभराहून जास्त वाटतात, कारण पाणी तुमच्या घोट्याशी असतं. फेसाळ, कधी एक दिवस हलक्या मशीनवर घालवा. शरीर कसं हलवायचं, वजन कधी मागे न्यायचं, लाट येण्याआधी गुडघे कसे सैल सोडायचे, हे तिथं आठवड्यात येतं. तीनशे अश्वशक्तीवर ते झाकलं जातं, आणि मग एका वाईट लाटेत उघडं पडतं.

शांतपाणी

उभा_स्वार यांनी दार उघडलंच आहे तर मी जे लिहायचं ठरवून आले होते ते लिहिते.

ताशी १०८ म्हणजे सेकंदाला ३० मीटर. १२० म्हणजे ३३. तुम्ही मान वळवून मागे पाहिलंत आणि परत पुढे पाहिलंत, तेवढ्यात साठ-सत्तर मीटर गेले.

जेट स्कीला मागे सुकाणू नसतं. वळते ती फेकल्या जाणाऱ्या पाण्यामुळे. थ्रॉटल सोडला की पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की हँडल कितीही फिरवा, मशीन होती त्याच रेषेत जाते. समोर काही आलं की माणसाचा हात आपोआप थ्रॉटल सोडतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एकाला हेच झालं. धक्क्याच्या खांबापासून तो दोन हात अंतरावरून गेला, आणि ते दोन हात त्याच्या कौशल्याचे नव्हते. सी-डूनं २००९ पासून आणि यामाहानं २०१५ पासून ब्रेकसारखं काम करणारी उलट्या प्रवाहाची व्यवस्था दिली आहे. तिनं खूप फरक पडतो. फेसाळ, तुमच्या मशीनवर ती आहे. रिकाम्या पाण्यात ४०, ६०, ८० अशा वेगांवर ती वापरून थांबायचा सराव करा, हाताला सवय होईपर्यंत. आणि थ्रॉटल थोडा ठेवून वळून टाळायचाही सराव करा.

आता अंगावरच्या कपड्यांचं. जाड निओप्रीनची पँट घाला, उन्हाळ्यातही. यात संकोच करू नका. मागे पडलं तर तोटीतलं पाणी किंवा नुसतं वेगानं पाण्यावर आदळणंही शरीराच्या आत गंभीर इजा करू शकतं. उत्पादक हे मशीनवरच्या सूचनेत छापतात, आणि पोहण्याचा साधा पोशाख त्यापासून वाचवत नाही. जॅकेट जास्त बक्कलांचं, अंगाला घट्ट बसणारं. सैल जॅकेट वेगात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. किल-स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला, कायम.

आणि इतर माणसं. पोहणारे, होडीवाले, गळ टाकून बसलेले. जिथं चालवता तिथले वेगाचे आणि अंतराचे नियम आधी वाचा. वेगाची फेरी मारण्याआधी त्याच पट्ट्यातून एकदा सावकाश जा. तरंगतं लाकूड दुरून लाटेसारखंच दिसतं.

नवखा_स्वार

थ्रॉटल सोडल्यावर वळत नाही हे मला माहीतच नव्हतं. आजच सराव करतो. धन्यवाद ताई.

आठहजार_आरपीएम

आवाजाबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून: मोकळा एग्झॉस्ट लावू नका. सुपरचार्ज चार स्ट्रोकमध्ये त्यातून वेगाला मिळतं फार थोडं. आवाज मात्र पाण्यावरून दूरवर जातो, किनाऱ्यावरची माणसं वैतागतात, आणि त्याच तक्रारींवरून जलाशय सगळ्यांना बंद होतात.

उभा_स्वार

+१. एक पाणी असंच गेलंय माझं.

फेसाळ

पाच आठवड्यांनी लिहितोय. उशिराबद्दल क्षमस्व, पण ट्यून-इम्पेलरची जोडी सोडली तर एका वेळी एकच बदल करून मोजायचं ठरवलं होतं.

आधी ट्यून आणि इम्पेलर एकत्र. पहिल्या इम्पेलरवर आरपीएम शिखराच्या दीडशे खाली राहिला, ११७ मिळाले. कोन थोडा कमी करून घेतला, आरपीएम जागेवर आला, ११९ आणि १२२. तोटी एक मिलिमीटरनं लहान केली. कमाल वेगात जेमतेम दीड किलोमीटरची भर, पण सुटताना मला आवडायची ती ओढ बोथट झाली, म्हणून मूळची परत बसवली. जाळी तीच, प्लेट तीच, ट्रिम एक घर वर. सुपरचार्जरला हात लावलेला नाही.

थांबण्याचा सराव चार सकाळी केला. ८० वरून थांबताना पहिल्यांदा नाकावर पाण्याची भिंत आली आणि मी घाबरून ब्रेकची लिव्हर सोडली. आता सोडत नाही.

एक प्रश्न राहिला. समुद्रातून आल्यावर इंजिन धुण्याचा क्रम काय? माझ्या मित्राच्या आणि मॅन्युअलच्या सांगण्यात फरक पडतोय.

तळठोक

मॅन्युअलचं ऐका. तुमच्या यामाहात बाहेरचं पाणीच इंजिनात फिरतं, म्हणून क्रम चुकवून चालत नाही. नळी जोडा, पण नळ बंद ठेवा. आधी इंजिन सुरू करा, मग लगेच पाणी सोडा. धुऊन झालं की आधी पाणी बंद, मग एक-दोनदा हलका थ्रॉटल देऊन आत उरलेलं पाणी बाहेर काढा, आणि मग इंजिन बंद. बंद इंजिनात पाणी सोडलं तर ते एग्झॉस्टमधून उलटं सिलिंडरात शिरू शकतं. कोरडं इंजिन काही सेकंदांपलीकडे चालू ठेवू नका. तळाची दोन्ही बुचं काढून मशीन पुढून थोडी उंच ठेवा, रात्रभर निथळू द्या, आणि सकाळी निघण्याआधी बुचं लावलीत का ते हात लावून पाहा.

आणि १२२ चं अभिनंदन. रिंगची फट वीस तासांनी पुन्हा मोजा आणि इथंच लिहा.